रेड्याच्या खांद्यातली गोळी

४ जुलै, गुरुवार

रोली जिवंत आहे. आधी हेच लिहिते.

पंप सुरू करायला गेला आणि पाणवठ्याच्या झुडपांतून रानरेडा सरळ अंगावर आला. मांडी फाटली, गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याची बंदूक रेड्याच्या पायाखाली गेली, नळी वाकली! मी गाडी मध्ये घातली, भोंगा दाबून धरला, तेव्हा कुठे तो मागे सरला. नवऱ्याला गाडीत कसं ओढून घेतलं, मला आठवत नाही. संध्याकाळी डॉक्टरांचं विमान आलं आणि त्याला डार्विनच्या इस्पितळात घेऊन गेलं.

घरी मी एकटी.

५ जुलै, शुक्रवार

रोली फोनवर बोलला. आवाज औषधाने जड. "नोली, तो आधीच जखमी होता गं. डाव्या खांद्यात पू होता. कुणीतरी हलकी गोळी घातली आणि सोडून दिला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जनावर जखमी केलंस तर माग काढ आणि संपव. अंधार पडला तर पहाटे परत जा. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. कोण हा हलकट?

टाकीत मंगळवारपर्यंतचं पाणी आहे. तीनशे गुरं. म्हणजे तोवर पंपापाशी जायलाच हवं, आणि जायचं मीच.

घरात आता फक्त माझी दोनशे त्रेचाळीस मापाची हलकी बंदूक. डुकरांना, रानकुत्र्यांना झकास. मेमध्ये संध्याकाळी पाणवठ्यावर एक डुक्कर हुकलं तेवढंच, एरवी तिने कधी दगा दिला नाही. पण रेड्यापुढे ती म्हणजे नुसता चिमटा!

६ जुलै, शनिवार

हेककडे गेले होते. पलीकडच्या रानाचा मालक. तरुणपणी रेडे मारून पोट भरलं, आता शहरातल्या हौशी शिकाऱ्यांना पैसे घेऊन फिरवतो. गाडीतून उतरले आणि सुरूच झाले. "तुझ्याच त्या गुळगुळीत बुटांच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी! रोली मरता मरता वाचला, म्हाताऱ्या!"

तो चहा ढवळत राहिला. "माझ्या पाहुण्यांची गोळी न् गोळी मी मोजतो, नोली."

"सगळे असंच म्हणतात!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याने चहा दिला, तो तसाच टाकून आले.

७ जुलै, रविवार

सकाळी हेकच दारात! काखेत दोन बंदुका. कालचा विषयसुद्धा काढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आल्या आल्या टेबलावर त्याची ती मुरंब्याची बरणी ठेवली. मेलेल्या जनावरांतून काढलेल्या गोळ्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी: कुणाची, कशात, कुठे लागली. या भागात गोळी सापडली की ती हेकच्या बरणीत जाते.

त्याने दोन काढल्या. एक फुलासारखी उमललेली, निम्मं शिसं गायब. "ही हरणाची. पातळ कातडीत शिरते, फुलते, खेळ खलास. रेड्याच्या खांद्यावर हीच वरवर फुटते. त्याला नुसता राग येतो." दुसरी जाड, बोथट, जेमतेम वाकलेली. "ही फुटत नाही. हाड मोडून आत जाते. तुला अशी हवी. आधी गोळी ठरव, मग बंदूक."

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. नेम मलाच धरायचाय.

दोन बंदुकांतली मोठी होती तीनशे पंच्याहत्तर मापाची. पहिल्याच बाराला तिने अशी लाथ घातली की डोळ्यांत पाणी आलं. तीन झाडल्या, तिन्ही निशाणाला लावलेल्या पत्र्याच्या बाहेर. मग तो म्हणाला, "आण, भरून देतो." मी चाप ओढला. नुसती टक्! बंदूक रिकामीच होती. आणि तरी माझे डोळे मिटलेले, खांदा कानापर्यंत वर!

"बघ," म्हणाला. "रेड्याआधी तू बंदुकीलाच भितेस. ही राहू दे."

दुसरी त्याच्या बायकोची. नऊ-तीन मापाची. एडाला जाऊन सहा वर्षं झाली, पण तेल घातलेलं ताजं होतं. गोळी जवळजवळ तितकीच जड, जरा सावकाश जाणारी, धक्का सोसण्याजोगा. पाचपैकी चार पत्र्यात.

"एडा म्हणायची, मोठ्या बंदुकीने हुकण्यापेक्षा पेलेल त्या बंदुकीने लागलेलं बरं."

८ जुलै, सोमवार

उद्या पहाटे. जेवण गेलं नाही. रोलीला सांगितलं नाही. भीती वाटते. वाटते, वाटते, वाटते.

९ जुलै, मंगळवार

झालं.

पंपापासून साठ पावलांवर, चिखलात आडवा उभा होता. हेक माझ्या मागे, एक हात माझ्या पाठीवर. "दिसतोय का?" "दिसतोय." "मग श्वास सोड." रेड्याने मान वर केली. पळून जावंसं वाटलं, अगदी खरं लिहिते. त्याने एक पाऊल टाकलं, डावा पाय लंगडत, आणि मला एकदम त्याची दया आली. डोळे उघडे ठेवून चाप ओढला.

तो गुडघ्यांवर बसला. दुसरी घातली. मग हेकने थांबायला लावलं, दहा मिनिटं घड्याळ लावून, आणि गवताच्या काडीने त्याच्या डोळ्याला शिवून पाहिलं. पापणी हलली नाही.

मी तिथेच बसून भोकाड पसरलं. हेक म्हणाला, "पंप सुरू कर, गुरं तहानलीत."

हेकची माफी मागितली. "ती नंतर माग सावकाश," म्हणाला. "आधी खांदा उघडू. ती गोळी कुणाची ते बघायचंच आहे."

१० जुलै, बुधवार

माझ्या दोन्ही गोळ्या आरपार गेल्या होत्या. तिसरी डाव्या खांद्यात, पुवात बसलेली, पुढून चुरा झालेली. हेकने ती धुतली, बुडाला माप लावलं. परत लावलं. मग चष्मा काढून पुसत बसला.

"दोनशे त्रेचाळीस," म्हणाला.

शंभर किलोमीटरात दोनशे त्रेचाळीस एकच आहे.

मेमधल्या त्या संध्याकाळी संधिप्रकाश होता. चिखलात काहीतरी काळं हललं, मी झाडली, गवत मोडत ते पळालं. डुक्कर हुकलं म्हटलं आणि घरी येऊन भात टाकला. सकाळी बघायला गेले नाही.

हेकने गोळीला दोरा बांधला आणि कोरी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "लिहायचं तर लिही. मी कुणाला बोलणार नाही."

मी माझं नाव लिहिलं. रोलीला शुक्रवारी घरी सोडणार आहेत.