लझहरकाकांच्या कुसकुसला हात न लावल्याबद्दल

आदरणीय खमाइसमामा यांना भाचा मुन्जीचा ततावीनहून सलाम.

तुमचे गुडघे, तुमच्या कोंबड्या आणि तुमचा रक्तदाब तिन्ही ठीक असावेत. विशेषतः रक्तदाब. सकाळची गोळी राहिली असेल तर आधी ती घ्या, पत्र कुठे पळून जात नाही. मामींना सलाम सांगा, पण पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, नुसतं बोलता (ही तक्रार नव्हे), आणि तुम्ही मध्येच फोन ठेवलात तर अर्धीच हकीगत तुमच्यापर्यंत पोचेल. ती अर्धी फार वाईट आहे.

या खेपेला प्रवासी फिरवायच्या माझ्या गाडीत इल्झेबाई आहेत. ऑस्ट्रियाच्या निवृत्त शिक्षिका, वय सत्तर, उत्साह सतरा वर्षांचा. सबैतलाच्या पडक्या रोमन देवळांत त्या एकेका खांबाशी इतका वेळ उभ्या राहिल्या की पहारेकऱ्याला वाटलं बाई एखादा खांब घेऊन जाणार. तोझरला खजुराच्या बागेत हरवल्या. दूझला उंटावर बसल्या त्या उतरायला तयार होईनात, शेवटी उंटवाल्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तू दोघांनाही घेऊन जा, मी घरी जातो." या काळजीत मी तिथेच उभ्या उभ्या पातळ पारीत अंडं भरून तळलेल्या दोन ब्रीक खाल्ल्या, आणि त्यांनी पोटात जे काही आरंभलं ते मातमाताची जमिनीखालची घरं बघून झाली तरी थांबलं नव्हतं.

मातमाताला बाई म्हणाल्या, आता मला एक खरंखुरं गाव दाखव, जिथे कुणी प्रवासी जात नाही. आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. मामा, ते बोट क्सार तुमझावर होतं, मामींच्या माहेरावर. मी म्हणालो रस्ता वाहून गेलाय. म्हणालो तिथे विंचू फार. म्हणालो तिथले लोक विंचवांहून वाईट. बाईंनी विंचवांचं वहीत लिहून घेतलं आणि बुटाच्या नाड्या आवळल्या.

तुम्हाला आठवण करून द्यायला नको, पण अकरा वर्षांपूर्वी आपल्या सालिमच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांदेखत, तुम्ही मामींच्या थोरल्या भावाला, लझहरकाकांना, सांगितलंत की तुझ्या घाण्याच्या ऑलिव्ह तेलाला दिव्यात जाळायच्या तेलाचा वास येतो. ज्याचे आजे-पणजे डोंगराच्या पोटातल्या त्याच घाण्यावर उंट फिरवत म्हातारे झाले, त्याला. तेव्हापासून लझहरकाकांनी (तुम्ही त्यांना जे म्हणता ते मी लिहीत नाही) तुमचा उंबरा ओलांडला नाही, आणि तुम्ही मामींना माहेरी जाऊ दिलं नाही. मामी आपल्या आईचा आवाज फोनवर ऐकतात, तोही तुम्ही मशिदीत गेलात की. (हे वाक्य मी लिहिलेलंच नाही असं समजा.)

तर गावात शिरलो आणि पहिलाच माणूस दिसला तो लझहरकाका. मी गाडीत खाली वाकलो, पण चालवणारा माणूस वाकून किती वाकणार. "खमाइसचा भाचा ना रे तू?" ते म्हणाले. "कान तेच आहेत. उतर. दारावरून उपाशी गेलास तर टायर फाडीन."

कुसकुस आलं. वाफवलेल्या रव्याची मोठी परात, वर मटण, आणि सगळ्यावर काकांनी स्वतःच्या हाताने ओतलेलं ते तेल. इल्झेबाईंनी बिस्मिल्ला न म्हणताच सुरुवात केली. माझ्या पोटाने मात्र साफ नकार दिला. मी चमचा उचलला नाही. काकांनी आपला खाली ठेवला. मग त्यांच्या दोन्ही मुलांनी ठेवले. चमच्याचा आवाज फक्त बाईंचा. मामा, मला फक्त तेल दिसत होतं. त्यांना वाटत असणार, तुमच्याच घराण्यातला दुसरा माणूस, त्याच तेलाला नाक मुरडतोय. मी ब्रीकचं सांगायला तोंड उघडलं, पण ब्रीक विकतच्या तेलातली होती, तेही तिथे बोलायची सोय नव्हती.

पाहुणा ताटाला शिवत नाही म्हणजे तो काही मागायला आलाय, आणि कबूल करून घेतल्याशिवाय जेवणार नाही, ही आपली रीत तुम्हाला मी काय सांगणार. पण पोट धरून बसलेल्या माणसाला रीत आठवत नाही. काकांनीच विचारलं, "तुला खमाइसने पाठवलंय?" नाही म्हटलं असतं तर तेलाचा अपमान झाला असता. मी मान डोलावली. काकांनी परात माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "अकरा वर्षं लागली त्या गाढवाला. खा पोरा. दिलं. झालं गेलं विसरलो, त्याला सांग." आणि बाहीने डोळे पुसले. मग मी खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. पोटाचं पुढे काय झालं ते विचारू नका.

तुम्ही रागावू नये अशी इच्छा असलेला तुमचा भाचा,
मुन्जी

ता.क. शुक्रवारी नमाजानंतर ते सगळे समेटाला तुमच्याकडे येताहेत. बकरा आणि तेलाचा डबा घेऊन. तेल चाखा आणि गप्प बसा.

ता.क. दुसरा. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं हे खरं. ते बोट मीच धरून तिथे ठेवलं होतं, हेही खरं. माहेरशी समेट घडवून आण म्हणून मामी तीन वर्षं माझ्या मागे लागल्या होत्या. त्यांना रागावू नका, मला रागवा, मी लांब आहे.

ता.क. शेवटचा. परात उचलल्यावर कोपऱ्यातून मामींच्या आईंनी विचारलं, "खमाइसने मलाही बोलावलंय का रे?" मी म्हणालो, तुम्हालाच बोलावलंय, बाकीचे सोबतीला. तेव्हापासून त्या दोन्ही हातांना मेंदी लावून बसल्या आहेत. मामा, हे सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. गाडी दारात थांबली की पुढे या, त्यांचा हात धरा आणि म्हणा, हो, मीच बोलावलं. त्यांना आता दिसत नाही, चेहरा कसाही ठेवलात तरी चालेल.