पंक्चरच्या घमेल्यातली बिऱ्हाडं

प्रिय मामा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले आन् पत्र आज लिहून राहिलो, तुमच्याच सायकलच्या दुकानात बसून. लिहायचं टाळलं, कारण लाज वाटत होती. तळ्याच्या वाळल्या चिखलाचा डबा तुम्ही माझ्या हवाली केला होता. "आत झिंग्यांची अंडी झोपलीत. औंदा तळं भरलं न्हाई तर तू पाणी टाक," म्हणाला होतात. मी हाव म्हणालो आणि लातूरला गेलो. जिल्हा नवा झालाय, शिपायाची तरी जागा निघंल म्हणून. न्हाई निघाली. मग किनवटला ट्रकवर क्लीनर झालो. तिथलं जंगल लई भारी हाय, पण ते नंतर.

परत आलो तर डबा रिकामा. मामीनं त्या मातीनं चूल सारवली होती! "चांगली चिकण माती व्हती," म्हणाली. आता चुलीत पाणी ओतू का?

बुडाला चिकटलेला एक पापुद्रा तेवढा निघाला. तो पंक्चरच्या घमेल्यात टाकला आन् मामीकडं पाणी मागितलं.

"टँकर चार दिवसाला येतो, आन् तू चिखलाला पाजून राहिलास? तुझ्या मामानं जन्मभर हेच केलं. गावानं येडं म्हणलं त्यांला."

मग माझ्या आंघोळीचं पाणी ओतत गेलो. आज बारावा दिवस. माझ्याजवळ कुणी बसत न्हाई.

पण मामा, तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके हलायला लागले. आता नखाएवढे झालेत. पाय वर करून उताणे पोहतात, तुम्ही जेवून बाजेवर पडायचा तसे. दोन उन्हाळे कोरडे काढले ह्यांनी. मला एक दुपार निघत न्हाई. तुमच्या डोळ्यासमोरच का न्हाई भिजवलं मी?

काल एकीच्या पोटाशी अंड्यांची पिशवी दिसली. अंडी तळाशी पडेपर्यंत पाणी टिकायला पाहिजे. उरलंय दोन बोटं, आन् टँकरचा पत्ता न्हाई.

शब्द देतो, घमेलं आपोआप वाळेपर्यंत मी गाव सोडणार न्हाई. लातूरहून बोलावणं आलं तरी. मग माती डब्यात भरून वर लिहीन: चुलीसाठी न्हाई.

तुमचा भाचा,
बाळ्या

ता. क. थांबा. मामी दुकानात आली. तुम्ही गेल्यापासून ह्या पायरीवर पाय ठेवला नव्हता तिनं. हातात दोन तांबे. एक घमेल्यात ओतला आन् लई वेळ वाकून बघत राहिली. दुसरा माझ्यापुढं ठेवला.

"आंघोळ कर आधी. मग सांग, अंडीवाली कोणती ती."