शिवणीतली माया

३ मार्च
आले एकदाची! दुकान ऐसपैस, उजेड भरपूर, चहा वेळेवर. माझ्याकडे ट्रायल रूम दिली आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा चढवायचा, कुठे ढिला, कुठे तंग ते बघून टाचण्या लावायच्या. मुख्य शिंप्यांना सगळे मास्तर म्हणतात. माझ्या बंद गळ्याच्या ड्रेसचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. आत ऑपरेशनचा वण आहे हे त्यांना कशाला सांगू? गळ्यातली गाठ गेली, नवं गाव, नवी नोकरी, झालं. ही वही पर्समध्येच ठेवणार, उसंत मिळाली की लिहीन.

१२ मार्च
मास्तरांनी कात्री हातात दिली आणि मी माती खाल्ली. छोट्या मुलीचा फ्रॉक कापला, पण शिवणीच्या आत दडवायचं जादा कापड, म्हणजे माया, ठेवलीच नाही. मास्तर म्हणाले, अहो बाई, पोर वाढणार, तेव्हा उसवून मोठं करायला नको का? माया आतल्या माणसासाठी असते. सगळ्यांसमोर म्हणाले. मान वर करवेना.

१९ मार्च
वण लाल, जाड झालाय, खाजतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम जोडायला कातडी आत तंतू विणते. बहुतेकांचं विणकाम वेळेवर थांबतं आणि वण हळूहळू फिका पडतो. काहींचं थांबतच नाही, मग वण जखमेची हद्द ओलांडतो. त्यावर सिलिकॉनची पट्टी, हलका मसाज आणि वणातच इंजेक्शनं. नुसता कापून काढला तर आणखी मोठा होऊन येऊ शकतो. मी म्हटलं, म्हणजे माझ्या कातडीनं भारीच माया ठेवलीय. त्या खळखळून हसल्या. मग विचारलं, पुढच्या वेळी शिकाऊ डॉक्टरांना दाखवू का? मी हो म्हटलं. कान तापले होते.

२ एप्रिल
दवाखान्यात गेले नाही. घोळक्यानं माझ्या गळ्यात डोकी घालणार, नको गं बाई. डॉक्टरीणबाईंचे फोनही उचलले नाहीत. पट्टी कॉलरवरून डोकावते म्हणून काढून ठेवली. ताईचा फोन आला. म्हणाली, फोन नाही की काही नाही, माया पातळ झाली तुझी. पातळ! इथे ती जाडच होत चाललीय. तिला सांगितलं, वण छान बसलाय. सख्ख्या बहिणीशी खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही, याचीच जास्त शरम वाटली.

१५ एप्रिल
टाचण्या लावायला वाकले आणि एका बाईंना वणाची कड दिसली. त्यांनी पाय मागे घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलर आणखी उंच शिवली.
घरी वण चोळताना बोटाखाली काहीतरी सरकलं. घडी आहे ती. आत दुमडलेली कातडी, इस्त्री केल्यासारखी सपाट.

२७ एप्रिल
अंगठी काढताना बोटाची कातडीही सैल सरकते. कोपराशी कातडी लोंबते. वजन तेवढंच आहे. मी बारीक झालेले नाही — कातडीच मोठी झालीय.

४ मे
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत कुणीतरी माप घेतलं. आतून.
मास्तरांना सांगावं — नको. दाखवावं लागेल.

५ मे
माया आतल्या माणसासाठी असते.
आतलं माणूस मीच ना?

६ मे
भर दुपार. ट्रायल रूम. आतून कडी लावलीय. तिन्ही आरशांत तोच वण — टाके होते तिथे एकेक जागा सुटतेय — रक्त नाही, दुखतही नाही — सराईत हातानं उसवावं तसं —
बाहेर मास्तर आहेत. म्हणताहेत, बाई, बरं वाटत नाही का, नुसती हाक मारा, दार तोडतो —
वणातून नख — माझं नाही —
मारते हाक. पण गळा उघडा आहे. असं कसं दिसू त्यांना — आधी बटण ला—