जिन्याखालची भिंत

बुधवार, १९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे धडधाकट आहोत. तूही असशील. तुझ्या नगररचनेच्या ऑफिसात पाणी शिरत नाही, म्हणजे असणारच. पाच वेळा फोन केला, पाचही वेळा तू मीटिंगमध्ये. म्हणून म्हटलं, कागदच लिहावा. कागदाला तरी तुम्ही लोक घाबरता.

खालच्या खोल्यांतला चिखल काल एकदाचा निघाला. फ्रिज गेला. कपाटाची दारं अशी फुगलीत की ना उघडत, ना बंद होत. चिखल उपसून तुझ्या भाऊजींची कंबर धरली आहे आणि ते दिवसभर माझ्यावर खेकसतात.

समोरच्या इमारतीचं तुला कळलंच असेल. तिचा नकाशा तुझ्याच टेबलावरून पुढे गेला. पूररेषेच्या आत तळमजल्यावर फक्त गाड्या ठेवायच्या, माणसांनी राहायचं नाही, हा तुमचाच नियम ना? मग तुझ्या नकाशात ती रेषा आमची गल्ली सोडून नदीकडे सरकली आणि तळमजल्यावर सहा घरं निघाली. त्यातल्या एका घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. नवरा अंथरुणाला खिळलेला. भरदुपारी पाणी चढलं तेव्हा बाईंनी त्यांना कपडे बेतायच्या टेबलावर घेतलं. टेबलही बुडालं, तेव्हा त्यांची मान दोन्ही हातांनी वर धरून उभ्या राहिल्या. भाऊजींनी आणि वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरने खिडकीचे गज कापून दोघांना बाहेर काढलं.

बाई नंतर मला म्हणाल्या, "घर घेताना मी विचारलं होतं हो, इथे पाणी येतं का म्हणून. बिल्डर म्हणाले, ऑफिसचा कागद आहे, या गल्लीत कधीच आलेलं नाही."

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तुझा तो जागेच्या पाहणीचा अहवाल मी मागवून वाचला. 'जागेवर पुराच्या जुन्या खुणा आढळल्या नाहीत.' वा रे वा! गवंड्याच्या मुलाने हे लिहावं? पाणी ओसरलं की चिखल काढायच्याही आधी बाबा छिन्नी-हातोडा घेऊन याच घरातल्या जिन्याखालच्या भिंतीपाशी जायचे. पाणी जिथवर आलं तिथे आडवी खूण, शेजारी साल. आपली उंचीसुद्धा त्याच भिंतीला मोजली त्यांनी. तू टाचा उंच करायचास आणि बाबा टपली मारून म्हणायचे, "अजून पुराएवढा नाही झालास रे!" विसरलास? तू विसरला नाहीस, म्हणून तर तुझा फोन आला.

लिहू का पुढे? लिहितेच. पाहणीच्या आठ दिवस आधी तू म्हणालास, "ताई, जिन्याखालची भिंत फार कळकट दिसते. लिंपून रंगवून घे ना. माणूस नको बोलावूस, घरच्या घरी कर." दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला काय ठाऊक, भाऊ म्हणाला, मी रंगवली. खोटं आहे. मला पक्कं ठाऊक होतं. रेषा सरकली की आपल्या घरावरही मजला चढवता येणार होता. लेकीला वेगळी खोली हवी होती. ती मिळाली, आणि मी आनंदाने पडदे शिवायला टाकले, त्याच बाईंकडे. बाबांच्या खुणा मी बाबांच्याच थापीने बुजवल्या, धाकट्या. माझी मलाच शरम वाटते. पण तुझा राग त्याहून जास्त येतो, कारण तुला हे सगळं शिकवलेलं होतं, पगार त्याचाच मिळत होता, आणि तरी तू सही केलीस.

सोमवारी त्या इमारतीची सुनावणी आहे. नाला तुंबला म्हणून एकदाच असं झालं, असं तुमचं ऑफिस म्हणतं आणि त्या सहा घरांत माणसांना परत राहायला पाठवायचा घाट घालतं.

काल मी भिंत खरवडली. नखांत अजून रंग आहे. सगळ्या खुणा जागच्या जागी आहेत. या वेळचं पाणी खालून दुसऱ्या खुणेवर थांबलं. तिच्या वर अजून तीन आहेत. सगळ्यात वरचीला माझा हात उंच करूनच लागतो. तेवढं पाणी आलं तर त्या बाईंनी नवऱ्याला कुठल्या टेबलावर ठेवायचं, ते मला सांग.

भाऊजी म्हणाले, "सख्ख्या भावाची नोकरी घालवशील?" मी म्हटलं, "आपला वरचा मजलाही जाईल, तेही धरून चाला." ते न जेवता उठले.

रविवारी ये. भिंतीला पाठ लावून उभा राहा. हव्या तर टाचा उंच कर. मग सोमवारी माझ्या आधी तूच बोल, एवढी एक इच्छा आहे. नाही आलास तर मी बोलेन. तुझा फोन आणि माझी थापी, दोन्ही सांगेन.

अजूनही तुझीच,
ताई

प्रत : सुनावणी अधिकारी यांच्यासाठी. रविवार संध्याकाळपर्यंत माझ्याजवळच आहे.