पुलापाशी ज्योत

श्रूजबरी,
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादास,
राजारामचा नमस्कार.

देवीच्या कृपेने इकडे बरं आहे. वहिनीचे गुडघे कसे आहेत? आसावरी रोज विचारते. तिचे अनारसे यंदाही कढईत हसले. झाडांची पानं गळाली.

मी सध्या पळत नाही.

तुला कधी सांगितलं नाही. दर घटस्थापनेला तुम्ही गडावरून गावात ज्योत आणता, त्या दिवशी मी इथल्या तळ्याकाठी साठ किलोमीटर पळतो. गड ते गाव तेवढंच अंतर. तिकडे वीस जण आळीपाळीने पळतात, इथे मी एकटा. पोटात उपासाचं पाणी, हातात काहीच नाही, तरी मूठ वळलेली. बारा वर्षं झाली. यंदा पळून गाडीत बसलो आणि छातीत कबुतर फडफडावं तसं झालं. आसावरीला दोन दिवसांनी सांगितलं. ती रडली, मग बायकोच्या हक्काने भांडली.

हृदयाची सोनोग्राफी झाली. परवा पुन्हा केली. तपासणीला इला होती, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. म्हणाली, "काका, इतके तास पळालं की हार्ट पण थकतं. उजवी बाजू स्ट्रेच होते, पंप कमी करते. मोस्टली थोड्या दिवसांत नॉर्मल होतं. तुम्हाला सहा आठवडे होत आले, अजून नाही."

मी तिला ज्योतीचं सांगितलं, तेव्हा मशीन पुसता पुसता तिने विचारलं, "तुमची टीम नाही का? कुणाला तरी द्यायचं ना पुढे."

मी शर्टाची बटणं लावत राहिलो.

दादा, गाव सोडलं त्या वर्षी पुलापासून देवळापर्यंतची ज्योत तुझी होती. थोरल्याचा मान. तू हात पुढे करून उभा होतास आणि मी तुला ओलांडून गेलो. सगळं अंतर एकट्याने पळालो म्हणून लोक टाळ्या वाजवत होते. तू त्यावर आजवर एक शब्द बोलला नाहीस. मी वळून पाहिलं होतं. तुझा हात तसाच होता.

तीन महिने पळणं बंद, मग पुन्हा तपासणी. पूर्वीसारखं पळता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. पुढच्या घटस्थापनेला मात्र गावी येतो. देवीपुढे एवढंच मागितलंय, शाळेपासून पुलापर्यंत ज्योत माझ्या हातात असावी. चालत का होईना.

तू पुलापाशी उभा राहा. हात पुढे कर.

या वेळी थांबणारा,
तुझा राजा