शेंदूर फासलेलं इंजिन

मुंबई, १९४२

भिमाजी,

आईच्या पायावर माझं डोकं ठेव. तुला मात्र आशीर्वाद न्हाई, शिव्याच हायेत.

दसऱ्याला गोठ्यातल्या इंजिनाला तू शेंदूर फासलास आणि आता बाया त्याच्यापुढं नारळ फोडतात म्हणं. अरे गाढवा, आपल्या म्हाताऱ्या शेठनं लोणावळ्याच्या शेडात पहिली मोटार बनवली, तिचं ते इंजिन हाय, शेठनंच माझ्याकडं सांभाळायला दिलेलं. त्यावर शेठचं नाव मी माझ्या हातानं लोखंडात ओतलंय. त्याचा म्हसोबा केलास?

मी हितं बरा हाय, खाणावळीत पोटभर मिळतं. आईचा खोकला कसा हाय?

शेठ गेले, कारखाना भागीदाराच्या हाती गेला. पहिली मोटार मीच बनवली असं तो हरामखोर सांगत सुटलाय. शेठच्या हातचं होतं नव्हतं ते त्यानं भट्टीत घातलं. ते एक इंजिन उरलंय, आणि पुढच्या आठवड्यात त्याची लॉरी ते न्यायला येतीय.

लॉरीवरचे हमाल आपल्या मावळचेच हायेत. देवाला पहार लावायची त्यांची छाती न्हाई. तवा शेंदूर पुसू नकोस, आणखी थाप. नाव पार झाकून टाक. रोज दिवा लाव, मूर्खा.

तो भागीदार मेला, की शेंदूर खरवडायला मी येईन.

तुझा थोरला,
दत्तोबा