ज्याच्या हातात तार

४ तारीख, सोमवार

आज नव्या कामावर आलो आणि पहिल्यांदाच सगळं एकट्यानं करायचं आहे. मेस्त्रींनी मला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं, हत्यारांची पेटी माझ्या मांडीवर. फाटकाशी उतरवताना म्हणाले की पंडित, घर तुझ्या हवाली, वायरिंग कर, शुद्धलेखन करत बसू नकोस. मला ते पंडित म्हणतात, कारण बटणांखालच्या चिठ्ठ्यांवर मी 'स्वयंपाकघर' चुकवत नाही. नववीत शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही.

घर दुमजली आहे, जुनं पण नीट राखलेलं. काकू एकट्याच राहतात. काका गेल्या वर्षी वारले. आता मुलगा, सून आणि त्यांचं तान्हं बाळ कायमचं राहायला येणार आहेत, येत्या रविवारी संध्याकाळी. त्यांना दोन एसी हवेत, ओव्हन हवा, कपडे धुण्याचं यंत्र हवं आणि अंगणात गाडी चार्ज करायची सोय हवी. एवढा भार जुन्या बोर्डाला पेलणार नाही. म्हणून मी.

बोर्ड जिन्याखाली आहे, लाकडी, चिनी मातीच्या फ्यूजांचा, कापडी वेष्टनाच्या तारांचा. सगळं काकांनी हौस म्हणून स्वतः केलेलं. इतके सफाईदार जोड मी मेस्त्रींच्या हातूनही पाहिले नाहीत (हे त्यांना सांगणार नाही). एकच जागा रिकामी आहे. तिथला फ्यूज काढून वर चिकटपट्टीचे थरावर थर दिलेत. विचारलं तर काकू म्हणाल्या की ती वरच्या मागच्या खोलीची, तिला हात लावायचा नाही.

काकू प्रेमळ आहेत, फक्त एक चमत्कारिक सवय आहे. 'हो' म्हणत नाहीत. मान हलवतात, फार तर 'बरं' म्हणतात. मला स्पष्ट होकार मिळेपर्यंत चैन पडत नाही, त्यामुळे मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली आणि त्यांनी दोनदा मान हलवली.

स्वयंपाकघराशेजारची खोली मला दिली आहे. धुतलेली चादर, खिडकी, खिडकीबाहेर झाड. इतकी स्वच्छ खोली मला एकट्याला कधीच मिळाली नव्हती.

५ तारीख, मंगळवार

कोणती तार कुठे जाते ते शोधलं. पद्धत अशी की एक जण बोर्डापाशी उभा राहून एकेक फ्यूज काढतो आणि ओरडतो, "आहे का?" दुसरा खोलीत दिवा बघून उत्तर देतो, "आहे" किंवा "नाही". पुन्हा चालू करायच्या आधी खालच्यानं विचारायचं, "चालू करू का?" आणि उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. मेस्त्रींनी हे मला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलं होतं. "ज्याच्या हातात तार, त्याचंच उत्तर धरायचं. बाकी देव जरी बोलला तरी ऐकायचं नाही."

आज दुसरा माणूस नव्हता, म्हणून मीच वरखाली धावत होतो. गुडघे बोलायला लागले. मग सवयीनं तोंडातून "आहे का?" निघालं आणि वरून उत्तर आलं, "आहेऽ". मला हायसं वाटलं. काकूंची कुणी नात-भाची आली असेल. मी एकेक फ्यूज काढत गेलो आणि पोरगी अचूक सांगत गेली. जेवायच्या आधीच काम आटोपलं. तिला वर जाऊन शाबासकी द्यायची राहूनच गेली.

६ तारीख, बुधवार

सकाळी अंगणात अर्थिंगचा खड्डा केला. तांब्याचा पत्रा पुरला, कोळसा आणि मीठ घातलं. काकू शेजारी कपडे वाळत घालत होत्या. मी सहज म्हणालो की तुमच्याकडची मुलगी हुशार आहे, तिला माझ्याबरोबर कामावर पाठवा.

काकूंनी विचारलं, कोणती मुलगी. मी कालचं सांगितलं. हातातला ओला टॉवेल त्यांनी दोरीवर टाकलाच नाही, तसाच धरून उभ्या राहिल्या. काल सकाळभर त्या मागच्या अंगणात होत्या आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी विचारलं की आवाज कसा होता. मी आठवून सांगितलं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा, जरा कंटाळलेला, शेवटचं अक्षर लांबवणारा. लवकर आटपा, मला खेळायला जायचंय, अशा सुराचा.

काकू पायरीवर बसल्या. टॉवेलचं पाणी त्यांच्या साडीवर गळत होतं. त्यांना ते कळलंही नाही.

शेजारचं कुणी मूल असेल. असं असतं. आवाज भिंतीवरून येतात.

७ तारीख, गुरुवार

मुलाचा फोन आला. मागची खोली बाळासाठी उघडायची आणि एसी तिथेच बसवायचा, असं तो म्हणाला. धाकटा आहे. खोली बंद झाली तेव्हा तो पाळण्यात होता, त्याला खोलीबद्दल फक्त ऐकून माहीत. काकूंनी मला किल्ली दिली आणि स्वतः मागून आल्या.

खोलीत एक लाकडी स्टूल आहे, बाकी काही नाही. स्टुलावर उभं राहिल्यावर हाताला येतील अशी भिंतीतून तारांची दोन उघडी टोकं बाहेर आली आहेत. भिंतीवर दिवा लावायचा होता, तो लागलाच नाही. टोकं मी टेस्टरनं तपासली. मेलेली. पुन्हा तपासली. मेलेली.

काकू दारातून बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. जे कळलं ते लिहून ठेवतो.

त्यांची थोरली मुलगी, ठकू. काका वायरिंग करायचे तेव्हा ती वर उभी राहून उत्तरं द्यायची. रोज भांडायची की आज मी खाली, बाबा तुम्ही वर. बोर्डापाशी उभं राहून हाक द्यायची तिला फार हौस. काका म्हणायचे, मोठी झालीस की. त्या दिवशी ती स्टुलावर तारा जोडत होती, तिनं हट्ट धरला होता म्हणून. त्या दिवशी सकाळपासून घरात पाणी नव्हतं आणि काकूंनी पंपासाठी काकांच्या मागे तगादा लावला होता. काकांनी खालून विचारलं, "चालू करू का?" काकूंना वाटलं, पंपाचं विचारतायत.

स्वयंपाकघरातून त्यांनी उत्तर दिलं. एकच शब्द. वर तारा ठकूच्या हातात होत्या.

काका त्यानंतर इतकी वर्षं जगले, पण त्यावरून एका अक्षरानं बोलले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. "बोलले असते तर बरं झालं असतं रे."

मग त्यांनी मला खाली जाऊन एकदाच हाक द्यायला सांगितलं. मला नको होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून माझ्याच्यानं नाही म्हणवेना. खाली गेलो. "आहे का?"

"आहेऽ."

वर काकू रडत होत्या. इतक्या हळू रडणारं माणूस मी पाहिलं नाही. शेजारी निजलेलं कुणी जागं होईल म्हणून जपावं, तसं.

८ तारीख, शुक्रवार

काकू सकाळपासून त्या स्टुलावर बसून आहेत. तिथूनच मला सांगतात, बाळा, दे ना हाक. मी देतो. पोर उत्तर देते. काकूंना तो आवाज अगदी कानाशी ऐकू येतो म्हणे. एकदा त्या हसल्यादेखील. दुपारी त्यांनी तिच्यासाठीही दुधाचा पेला भरला.

माझं काम मागे पडलं. मेस्त्री फोनवर कडाडले की पंडिता, घर बांधतोयस की पोथी लिहितोयस. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्या येतो, जुनं सगळं मुळापासून काढू. आणि म्हणाले, आता हाक देऊ नकोस.

मी दिली नाही.

जेवणानंतर मी जिन्याखाली वाकलो होतो. नवी जाड केबल ओढत होतो. वरून आवाज आला. मी काहीच विचारलं नव्हतं.

"आज मी खालीऽ?"

पक्कड हातातून पडली.

९ तारीख, शनिवार

मेस्त्री आले, लाइनमनला घेऊन. लाइनमननं खांबावरूनच पुरवठा तोडला. जुना बोर्ड आम्ही उतरवला, अंगणात टाकला. नवी लोखंडी पेटी भिंतीवर बसली, आतले स्विच ओळीनं, खाली माझ्या चिठ्ठ्या. अजून तिला एकही तार जोडलेली नाही. जोडणी सोमवारी. तोवर घरात वीज नाही. असूच शकत नाही.

मागच्या खोलीची तार मेस्त्रींनी स्वतः जिन्याखाली तोडली आणि तो तुकडा मला दिला. हा घे आणि निवांत झोप, म्हणाले. ते संध्याकाळच्या आत गेले. मी जिन्याखाली एकटाच होतो.

आवाज वरून आला नाही.

माझ्या मागून आला. पेटीजवळून, माझ्या कमरेच्या उंचीवरून.

"चालू करू का?"

मी ओरडलो, नको. मागे वळलो. कुणी नव्हतं. वर धावलो, टोकांना टेस्टर लावला.

पेटला.

तुकडा माझ्या खिशात होता आणि टेस्टर पेटला.

टोकांना पट्टी गुंडाळली. खोलीला कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवली. काकूंना सांगितलं की आता वर जायचं नाही, समजलं ना. त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली.

१० तारीख, रविवार

उशाखाली किल्ली नाही. पंचाईत—पंचाईत नाही, घात झाला.

मागच्या खोलीला आतून कडी लावलेली आहे. दाराच्या फटीतून बघितलं. काकू स्टुलावर चढून उभ्या आहेत, चांगली साडी नेसून. पट्ट्या खाली पडल्यात. दोन्ही हातांत दोन टोकं.

दार जुन्या लाकडाचं. खांदा मारला, हलत नाही. मेस्त्रींना फोन केला, निघालेत. मुलाची गाडीही वाटेत आहे.

काकू शांत आहेत. मला म्हणाल्या, "खाली उभं राहायची तिची पाळी राहिलीय रे. ती मिळाल्याशिवाय पोर जायची नाही. आणि आजपासून इथे बाळ निजणार." मी म्हणालो, बाळ दुसऱ्या खोलीत निजेल, खोलीच पाडून टाकू, मी पाडतो. त्या म्हणाल्या, "तिच्या बाबांनी तिला नेहमी उद्यावर ढकललं. मीसुद्धा."

खाली—

"चालू करू का?"

नको. मी ओरडलो. थांबली. मेस्त्री येईपर्यंत मी ओरडत राहणार. हातांना काम हवं म्हणून लिहितो आहे.

पुन्हा. नको.

तोडायला काही उरलेलंच नाही. खांबावर तोडलं, खाली तोडलं. काय तोडू?

पुन्हा. नको म्हणालो. या वेळी ती थांबली नाही. हसली, लहान मुलं मोठ्यांची चूक पकडल्यावर हसतात तशी. म्हणाली, "तुमच्या हातात तार नाहीऽ."

बरोबर आहे. नियम बरोबर आहे.

खोलीचं बटण दाराबाहेर आहे. झाकण काढलं. टेस्टर पेटला. तार बाहेर ओढली. डाव्या हातात धरली आहे, उजव्यानं लिहितो आहे. अजून काही होत नाही. आता माझंही उत्तर धरावं लागेल. धरावंच लागेल.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. बाळ रडतंय. काकू, ऐका, बाळ आलं. काकू, खाली उतरा.

काकू म्हणतायत, बाळा, तू सोड ती. तू कशाला.

नाही सोडत.

जिन्याखालून. अगदी स्पष्ट. आनंदानं—

"चालू करू काऽ?"

नको नको नको

काकूंनी मान हलवली नाही. बरं म्हणाल्या नाहीत. तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या—